बंदुकीचे वंगण

बंदूक, रायफल किंवा पिस्तूल साफ करताना व साफ केल्यावर धातूला लावायचे तेल, ग्रीस किंवा मेणाचे मिश्रण म्हणजे बंदुकीचे वंगण. त्याने तीन कामे करावीत अशी अपेक्षा असते : नळीतली काजळी सोडवणे, घासणाऱ्या भागांना सरकते ठेवणे आणि पोलादाला गंज चढू न देणे. अडचण अशी, की ही कामे एकमेकांच्या आड येतात. काजळी सोडवणारे द्रव्य पातळ लागते आणि ते लवकर उडून जाते. घर्षण सोसणारे वंगण दाट लागते आणि दाट वंगण धूळ धरते. गंज रोखणारा थर महिनोन्‌महिने जागचा हलता कामा नये, मात्र बार काढण्याआधी नळीतून तो पुसावाच लागतो. त्यामुळे कोणते तेल उत्तम, हा प्रश्न नंतरचा. बंदूक कोणती दारू जाळते, कोणत्या हवेत राहते आणि रोज वापरात आहे की नुसती पडून, हे आधी पाहावे लागते.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळाली की वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपात मागे राहतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. त्यांच्यावर खनिज तेल पडले तर डांबरासारखा चिकटा तयार होतो, म्हणून या बंदुकांसाठी मधमाश्यांचे मेण, चरबी किंवा वनस्पती तेल वापरण्याची रीत पडली. १८५३च्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाचा कागद चरबी-मेणात बुडवलेला असे, तो गोळी सहज आत सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. ती चरबी गाईची की डुकराची, या संशयाने १८५७च्या उठावाला तोंड फुटले. जानेवारी १८५७मध्ये शिपायांना पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक बाळगणाऱ्यांना काळ्या दारूचा हा गुण आजही सांभाळावा लागतो. बार काढला त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसायची आणि मगच तेलाचा हात द्यायचा. पावसाळ्यात एक रात्र आळस केला तरी नळीच्या आत तांबूस खडबडीत डाग धरतात, आणि एकदा पडलेले खड्डे कोणत्याही तेलाने भरून येत नाहीत.

बिनधुराची दारू आल्यावरही पाण्याची गरज संपली नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठोका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेल चोपडले तर क्षार खाली तसाच राहतो आणि पोलाद आतून खात जातो. पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची ब्रिटिश लष्करातली पद्धत याच कारणाने होती. त्यानंतर पुल-थ्रूच्या दोरीला चार इंच बाय दोन इंचाची चिंधी लावून ती नळीतून ओढायची. एन.सी.सी.मध्ये रायफल हाताळलेल्यांना पुल-थ्रू, चिंधी आणि तेलाची बाटली ही सामग्री ओळखीची असेल.

एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशच्या खनिज तेलापासून केलेले ‘रंगून ऑइल’ आणि देवमाशाचे तेल शस्त्रांसाठी नावाजलेले होते. अमेरिकेत १९०३मध्ये ‘हॉप्स नंबर नाइन’ हे नळी धुण्याचे द्रावण आले. जर्मनीत त्याच दशकात ‘बॅलिस्टॉल’ निघाले. ते पाण्यात मिसळते आणि लाकूड-चामड्यालाही चालते. पुढे अमेरिकी लष्कराने सफाई, वंगण आणि संरक्षण एकाच बाटलीत आणणारे ‘सी.एल.पी.’ स्वीकारले. पाठीवर ओझे वाहणाऱ्या सैनिकाला ती एक बाटली पुरते. कपाटात वर्षभर पडून राहणाऱ्या बंदुकीसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

वंगणाची खरी परीक्षा रणांगणावर झाली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-वन गॅरंड रायफलीवरचे तेल पावसात धुऊन जाई आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, अडे. त्यावर तेलाऐवजी ग्रीस हा उपाय निघाला आणि ग्रीसची डबी दस्त्याच्या पोकळीत जाऊन बसली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या एम-सिक्स्टीन रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला. दारू बदललेली, काडतूसघराला क्रोमचा मुलामा नाही आणि पुरेसे सफाईचे साहित्यही नाही, अशा स्थितीत ऐन चकमकीत रायफली अडल्या. १९६७मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने याची चौकशी केली. वाळवंटात तेल कमीत कमी लावावे असे अनेक जाणकार सांगत आले, पण २००७च्या सुमारास अमेरिकी लष्कराने घेतलेल्या धुळीच्या चाचण्यांत भरपूर तेल दिलेल्या कार्बाइन (आखूड नळीच्या रायफली) कमी वेळा अडल्या. थंडीत प्रश्न उलटा होतो. साधे तेल गोठून बोल्ट जड चालतो, म्हणून तिथे अतिशय पातळ तेल लागते, तेही अगदी थोडे.

घरातले खोबरेल यासाठी वापरू नये. ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. जवसाचे तेल हवेत वाळून धातूवर राळेसारखा थर धरते. दस्त्याच्या लाकडाला तोच थर उपयोगी पडतो. शिलाई मशिनचे तेल हलके खनिज तेल असल्याने बिजागरी आणि चापाच्या भागांना थेंबभर चालते.

पडून असलेल्या बंदुकीचे दोन शत्रू म्हणजे दमट हवा आणि कापडी किंवा चामडी म्यान. म्यान ओल धरून ठेवते. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल, तर आधी नळीत आणि बाहेरून दाट संरक्षक वंगणाचा हात द्यावा. खंडेनवमीला शस्त्रे पुजली जातात. त्या दिवशीचे ओले हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचा रस रात्रभर पोलादावर राहू देऊ नये. पूजा उतरवली की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवावे.

सफाईला बसण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. तेल काडतुसात झिरपले तर प्रायमर निकामी होऊ शकतो. नळीत तेल साचलेले असताना बार काढल्यास दाब धोकादायक वाढू शकतो. तेल दिलेली बंदूक नळी खाली करून ठेवली, तर ओघळ दस्त्यात उतरून लाकूड मऊ पडत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा नियम आणखी वेगळा आहे. तिच्या दाबकक्षात खनिज तेल गेले तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, म्हणून त्या जागी उत्पादकाने सांगितलेले सिलिकोन तेलच घालतात.