प्रपंचात राहून मूक प्रार्थना : एका कॅथलिक वाटेची पार्श्वभूमी

प्रपंच सांभाळून साधना करणाऱ्याचं सातारा जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही. माण तालुक्यातल्या गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) नामाला लावली ती संसारी माणसंच. पण बँकेत नोकरी करणारा एखादा कॅथलिक गृहस्थ पहाटे अर्धा तास, काही न मागता, देवापुढे नुसता बसतो असं कळलं की लोक विचारतात, “म्हणजे आता तुम्ही फादर होणार का?” शेजारीपाजारी विचारतात तसे मिस्सेहून (चर्चमधल्या मुख्य उपासनेहून) परतणारेही विचारतात. ध्यान-चिंतन हे मठातल्यांचं काम आणि प्रापंचिकांनी नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) नि रोझरी (जपमाळ) करावी, ही समजूत कुठून आली ते पाहायला हवं.

सुरुवात तशी नव्हती. तिसऱ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेला अँथनी धर्मगुरू नव्हता. शेतीवाडी असलेल्या घरातला तो तरुण होता. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाची नियमावली घालून दिली. त्यात ठरलेल्या वेळांना स्तोत्रं, संथ वाचन आणि अंगमेहनत होती, आठवड्यात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची. पण त्यासाठी लॅटिन यायला हवं, हस्तलिखितं हवीत. शेतकऱ्याकडे दोन्ही नव्हतं. त्याने दीडशे स्तोत्रांच्या जागी आधी ‘आमच्या बापा’ आणि मग ‘नमो मरिया’ या छोट्या प्रार्थना दीडशे वेळा म्हणायला घेतलं, मोजायला मणी घेतले. आजीच्या हातातली जपमाळ ही अशी निरक्षर प्रापंचिकांनी घडवलेली स्तोत्रसंहिता आहे. तिला निव्वळ पाठांतर म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं.

तेराव्या शतकात इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मागे विवाहित माणसंही लागली. त्यांच्यासाठी 1221 मध्ये वेगळी जीवनपद्धती आखली गेली आणि 1289 मध्ये पोप निकोलस चौथे यांनी तिच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं. पहिला संघ साधूंचा, दुसरा मठवासी स्त्रियांचा, म्हणून याला तिसरा संघ म्हणतात. संत डॉमिनिकने स्थापलेल्या डॉमिनिकन संघाच्या अशाच शाखेतली सिएनाची कॅथरीन (1347–1380) मठात न जाता आईवडिलांच्या घरातच एका खोलीत प्रार्थना करत राहिली, आणि नंतर त्याच घरातून बाहेर पडून रोग्यांची सेवा करू लागली. 1970 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तिला ‘चर्चची आचार्या’ म्हणून घोषित केलं. 1609 मध्ये तर बिशप फ्रान्सिस दि सेल्स यांनी स्वच्छ लिहिलं की सैनिकाची छावणी, कारागिराचं दुकान आणि संसारी घर यांतून भक्तीला हद्दपार करणं ही निव्वळ चूक नव्हे, पाखंड आहे. बिशपच्या लेखणीतून हा शब्द उतरला, ही साधी गोष्ट नाही.

मग माशी शिंकली. रोममध्ये मोलिनोस नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने मूक प्रार्थना इतकी ताणली की माणसाने स्वतःचा काही प्रयत्नच करू नये, इथवर शिकवण गेली. 1687 मध्ये पोपने तिचा निषेध केला. त्या निषेधाने जे झालं ते मला या इतिहासातलं मोठं नुकसान वाटतं. शिकवण एकाची चुकली, पण पुढची दोन शतकं मूक प्रार्थना म्हटली की सगळ्यांकडेच संशयाने पाहिलं गेलं. पुणे धर्मप्रांत 1886 मध्ये स्थापन झाला तो याच वातावरणात.

आपल्या भागात कॅथलिक मुळातच थोडे. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये उभं केलेलं प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचं इस्पितळ आठवतं. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन होतं, तेही प्रॉटेस्टंटच. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. टिळक प्रॉटेस्टंट, पण ख्रिस्ताकडे अभंगाच्या वाटेने जायची हिंमत त्यांनी दिली. कॅथलिकांकडे तर ती वाट तीनशे वर्षं आधीच होती. जेझुइट या कॅथलिक संघातले इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, ते साध्या प्रापंचिकांनी ऐकावं म्हणूनच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या 1962–65 मधल्या सभेने, मूक प्रार्थनेचं दार प्रापंचिकांसाठी पुन्हा उघडलं. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रापंचिकांनीही धर्मगुरूंची प्रहरांची (दिवसाच्या ठरलेल्या वेळांची) प्रार्थना म्हणावी अशी शिफारस आली. 1964 च्या चर्चविषयक दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणाने पावित्र्याचं बोलावणं सर्वांना आहे हे ठासून सांगितलं. आपल्याकडे फादर अँथनी डिमेलो यांनी 1972 मध्ये पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. श्वास, शरीराची जाणीव, शांत बसणं हे सगळं त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणलं. 1998 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, रोमने त्यांच्या काही लेखनाबाबत सावधगिरीची सूचना काढली. तेव्हापासून काही जण त्यांची पुस्तकं कपाटात मागे ठेवतात. मला त्यांचे बैठकीचे सराव उपयोगी वाटतात, देवाविषयीची काही विधानं नाहीत.

प्रत्यक्षात करायचं ते फार थोडं असतं. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन (एकांतवासी संघातल्या) साधूने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग शब्द सोडून नुसतं असणं. दूधवाला यायच्या आत, रविवारच्या शुभवर्तमानातल्या चार ओळी पुटपुटत वाचायच्या. एखादा शब्द अडकला की तिथेच थांबायचं, पुढे सरकायची घाई नाही. कुकरची शिट्टी झाली तर उठून गॅस बारीक करायचा आणि परत बसायचं. कार्मेल या मूक प्रार्थनेला वाहिलेल्या संघाच्या प्रापंचिक शाखेत अशा मूक प्रार्थनेला रोज साधारण अर्धा तास द्यायचा असतो. त्यातले लोक वचन देतात, पण घरदार सोडत नाहीत आणि झगाही घालत नाहीत.

अडचण येते ती मार्गदर्शकाची. या वाटेवर आपल्याच मनाचे खेळ देवाच्या नावावर खपवायचा धोका असतो, म्हणून कुणीतरी जाणतं ऐकायला लागतं. गावातल्या फादरांवर शाळा, मिस्सा, अंत्यविधी सगळंच पडलेलं असतं. मग साताऱ्याची माणसं महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने पुणे गाठतात, आणि दोन भेटींच्या मधे काय झालं ते वहीत लिहून ठेवतात.