एचडी चित्रीकरणावरून शाळेच्या प्रकल्पाची डीव्हीडी: नेमकं कुठे अडतं?

डीव्हीडी अडली की सगळा राग डिस्कवर नाहीतर रायटरवर निघतो. दुसरी डिस्क घाला, तिसरी घाला, तरी तेच. खरं तर डिस्कपर्यंत पोचायच्या आधीच काम बिघडलेलं असतं, कधी चित्रीकरणात, तर बहुतेक वेळा फाइलच्या रूपांतरात. म्हणून अशा डीव्हीडी करून देणाऱ्या आम्ही काढलेलं हे पत्रक फाइलपासून सुरू होतं आणि डिस्कवर शेवटी येतं. विद्यार्थी, शिक्षक आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री संगणकासमोर बसणारे पालक, सगळ्यांनाच ते उपयोगी पडावं.

डीव्हीडीवर एचडी मावत नाही

‘कॅमेऱ्यावर इतकं स्वच्छ दिसतं, डीव्हीडीवर धूसर का?’ हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. डीव्हीडी-व्हिडिओ १९९६ साली बाजारात आलं आणि त्याचे नियम तेव्हाच्या टीव्हीला धरून ठरले. पाल या भारतातल्या टीव्ही-पद्धतीत चित्र ७२० × ५७६ बिंदूंचं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे स्थिरचित्रं. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससीत ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. तुमचं एचडी चित्र १९२० × १०८० बिंदूंचं असतं. हिशोब केला तर एचडीतल्या पाच बिंदूंमागे पाल डीव्हीडीवर एकच बिंदू उरतो. भिंतभर फळ्यावरचं चित्र पाटीवर उतरवायचं, असा हा मामला आहे. नीट उतरवलं तर ते छान दिसतं, पण मूळ फळ्याइतकं कधीच नाही.

मात्र हे उतरवणं एकदाच करावं. एडिटिंगच्या प्रोग्राममधून छोटी एमपी-४ काढायची, ती कन्व्हर्टरमधून एमपेग-२ (डीव्हीडीवर चालणारा प्रकार) करायची, मग ऑथरिंगचा, म्हणजे मेन्यूसकट डिस्कची रचना करणारा प्रोग्राम तिलाच पुन्हा एन्कोड करणार, म्हणजे नव्याने आवळणार. प्रत्येक टप्प्यावर चित्र थोडं थोडं झिजतं. एडिटिंगमधून मूळ आकारातली, भरपूर बिटरेटची (म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा वापरणारी) एचडी फाइल काढा आणि थेट ऑथरिंगला द्या. किंवा एडिटिंगमधूनच नियमात बसणारी एमपेग-२ काढा आणि ऑथरिंगमध्ये पुन्हा एन्कोड न करण्याचा पर्याय निवडा. हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्राम चांगला आहे, पण तो एमपी-४ किंवा एमकेव्ही काढतो, डीव्हीडी बनवत नाही. डिस्कची रचना डीव्हीडी स्टायलरसारख्या प्रोग्राममध्येच करावी लागते.

आवाज मागे-पुढे होतो

सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर जुळतात. दहा मिनिटांनी थोडा फरक पडतो आणि शेवटाकडे नाटकातलं पात्र बोलून गप्प बसल्यावर वाक्य ऐकू येतं. असं हळूहळू वाढत जाणारं अंतर दिसलं की आमचा पहिला प्रश्न असतो, चित्रीकरण मोबाइलवर केलंय का?

बहुतेक मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की वेग थोडा उतरतो, मग परत चढतो. फोनच्या पडद्यावर हे जाणवत नाही, कारण प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. डीव्हीडीला मात्र एकसारखा वेग लागतो. जुने एडिटिंग प्रोग्राम ही नोंद न पाहता सरासरी वेग धरतात आणि तिथून आवाज सुटत जातो. उपाय सोपा आहे. एडिटिंग सुरू करण्याआधी प्रत्येक क्लिप हँडब्रेकमधून ‘स्थिर फ्रेमरेट’ निवडून, गुणवत्ता चढी ठेवून काढून घ्या. वर आम्ही रूपांतर एकदाच करा म्हटलं, त्याला हा एक अपवाद. झीज होते, पण ओठ जुळतात.

अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच असेल तर रोग वेगळा आहे. तिथे टाइमलाइनवर आवाजाचा पट्टा थोडा सरकवला की काम होतं.

आवाजच नसेल तर त्याचं स्वरूप तपासा. मोबाइल आवाज एएसी प्रकारात नोंदवतो आणि डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत एएसी बसत नाही. डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ निवडा, ४८ किलोहर्ट्झवर, स्टिरिओला १९२ किंवा २२४ किलोबिट पुरतात. गाण्यांच्या फाइली बहुधा ४४.१ किलोहर्ट्झच्या असतात, त्याही ४८वर आणाव्या लागतात.

धक्के, पट्टे आणि कंगव्यासारख्या रेघा

कॅमेरा आडवा फिरवताना चित्र अडखळत असेल तर फ्रेमरेटचा मेळ बसलेला नाही. सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण पालच्या २५वर आणताना साध्या प्रोग्राममध्ये दर सहावी फ्रेम गळते. धावणारी मुलं, नाच, खेळ यांत ते लगेच डोळ्यांवर येतं. पाल डीव्हीडी करायची असेल तर कॅमेरा आधीच २५ किंवा ५०वर लावा. भारतासारख्या, ५० हर्ट्झची वीज असलेल्या देशांत आणखी एक फायदा होतो. तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि ३० फ्रेमच्या चित्रीकरणात चित्रावरून सरकणारे काळपट पट्टे दिसू शकतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर बहुतेक वेळा ते जातात.

हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात दिसले किंवा हालचाल पुढे-मागे थरथरली तर फील्डचा क्रम चुकलेला असतो. फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र; अशा दोन फील्डनी फ्रेम बनते, त्याला इंटरलेस्ड म्हणतात. इंटरलेस्ड एचडीत वरचं फील्ड आधी येतं. जुन्या डीव्ही टेपच्या कॅमेऱ्यांत खालचं आधी. एकाच प्रकल्पात दोन्ही मिसळले आणि प्रोग्रामला योग्य ते सांगितलं नाही, की थरथर आलीच. सगळं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक फ्रेम अखंड असलेलं (२५पी) असेल, तर ही भानगडच नाही. शाळेच्या कामाला आम्ही तेच सुचवतो.

माणसं लांबोडकी दिसत असतील तर घाबरू नका. १६:९ची खूण लागलेली नाही, एवढंच. डीव्हीडीवर रुंद चित्रसुद्धा ७२० बिंदूंतच आवळून ठेवलेलं असतं आणि ही खूण वाचून प्लेअर ते पसरवतो. फोन उभा धरून केलेल्या चित्रीकरणाला मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच.

अक्षरं: इथे सर्वांत जास्त हसं होतं

विज्ञानाच्या प्रकल्पात स्लाइडवरचा मजकूर संगणकावर सुंदर दिसतो आणि टीव्हीवर वाचताच येत नाही. पाचातले चार बिंदू गेल्यावर बारीक अक्षर टिकणार कसं? संगणकावर तुम्हाला पुरेसं वाटतं त्याच्या दीडपट-दुप्पट आकार घ्या. एका बिंदूच्या आडव्या रेघा टीव्हीवर लुकलुकतात, म्हणून तक्त्यांच्या रेघा जाड करा. गडद लाल अक्षरं टाळाच. डीव्हीडीवर रंगांचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, त्यामुळे लाल रंग कडेने सांडल्यासारखा दिसतो. गडद निळ्यावर पांढरी किंवा फिकट पिवळी अक्षरं सर्वांत नीट उठतात. चारही कडांना दहा टक्के जागा मोकळी ठेवा, नाहीतर काही टीव्हींवर विद्यार्थ्याच्या नावातलं पहिलं अक्षर कापलं जातं.

देवनागरीचं दुखणं आणखी वेगळं. ऑथरिंगच्या कित्येक प्रोग्रामना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ‘विद्यार्थी’मधला रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे पडते. फाँट बदलत बसू नका, दोष फाँटचा नसतो. शीर्षक आणि मेन्यूचा मजकूर चित्रकामाच्या किंवा सादरीकरणाच्या प्रोग्राममध्ये लिहा, त्याचं चित्र म्हणून फाइल काढा आणि ते चित्र मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून लावा. बटणं वर पारदर्शक ठेवता येतात. फाइलींची आणि फोल्डरची नावं मात्र रोमन लिपीतच, मोकळी जागा न सोडता द्या. प्रोग्राम काहीच कारण न सांगता मध्येच थांबतो तेव्हा अनेकदा फोल्डरचं मराठी नाव आडवं आलेलं असतं.

किती मिनिटं, किती बिटरेट

साध्या एकपदरी डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक तेच ४.३७ जीबी दाखवतो, डिस्क कमी भरलेली नसते. मेन्यू आणि कडेची जागा सोडली तर ९० मिनिटांच्या कार्यक्रमाला चित्रासाठी सेकंदाला साधारण ६ मेगाबिट मिळतात, दोन तासांना साडेचार. दोन तासांच्या पुढे आम्ही दोन डिस्क करायला सांगतो. नाचाच्या कार्यक्रमात कमी बिटरेटचे चौकोन फार दिसतात.

उलट टोकही वाईट. कार्यक्रम २० मिनिटांचा आहे म्हणून कमाल ९.८ मेगाबिट लावू नका. चित्र आणि आवाज मिळून मर्यादा १०.०८ची आहे. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न आवळता ठेवला तर तोच दीड मेगाबिट खातो, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि प्लेअर अडखळतो. घरी लिहिलेल्या डिस्कला ८च्या वर जाऊ नये.

डिस्क लिहिताना

संगणकावर चालते, प्लेअरवर चालत नाही, ही तक्रार असेल तर डिस्क उघडून पाहा. आत नुसती एमपी-४ फाइल दिसली तर ती डेटा डिस्क आहे, डीव्हीडी-व्हिडिओ नाही. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइली हव्यात. ‘ऑडिओ टीएस’ रिकामा असला तर काही बिघडलेलं नाही, तो तसाच असतो. फोल्डर ठीक असेल तर डिस्क फायनलाइज झाली का, म्हणजे तिचं लिखाण नीट बंद झालं का ते बघा, आणि मग पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क तर नाही ना ते. जुने प्लेअर ती ओळखत नाहीत.

दर वेळी एकाच सेकंदाला अडत असेल तर फाइलमध्ये किंवा बिटरेटमध्ये शोधा. शेवटच्या भागात कुठेही अडत असेल तर डिस्कमध्ये शोधा. लिखाण आतून बाहेर जातं, शेवट बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटांचे ठसे व ओरखडे तिथेच जास्त पडतात. वेग ४ किंवा ८ पट ठेवा, लिहिल्यावर पडताळणी चालू ठेवा. कागदी गोल लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो. डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने नाव लिहा.

सगळ्या वर्गासाठी प्रती काढण्याआधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच) फाइल बनवून ती संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये पूर्ण पाहा, मेन्यूचं प्रत्येक बटण दाबून. मग एक प्रत ज्या प्लेअरवर दाखवायची आहे त्याच प्लेअरवर लावा. शाळेच्या टीव्हीला यूएसबीची जागा असेल तर आधी शिक्षकांना विचारा. एच.२६४ची एमपी-४ पेनड्राइव्हवर चालणार असेल तर डीव्हीडीची गरजच नाही, आणि चित्रही एचडीच राहील. आमचं काम कमी होईल, पण सांगायला हवं.

आमच्याकडे येताना

कॅमेऱ्यातल्या किंवा फोनमधल्या मूळ फाइली आणा. मेसेजवरून पाठवलेल्या प्रती नकोत, त्या पाठवतानाच आवळल्या जातात आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. एडिटिंग झालं असेल तर एचडी फाइल आणि प्रकल्पाचा फोल्डर दोन्ही घ्या. अडलेली डिस्क टाकून देऊ नका, बरोबर आणा, आणि ती कितव्या मिनिटाला अडते ते कागदावर लिहून ठेवा. प्लेअर कुठल्या देशात चालणार आहे तेही सांगा, म्हणजे पाल की एनटीएससी हे आधीच ठरवता येईल. आम्ही डीव्हीडी दिल्यावरही मूळ एचडी फाइली पुसू नका. डीव्हीडीवरून पुन्हा एचडी काढता येत नाही.