स्टेगोसॉरसचा ड्रॅगन: वॉरगेमिंगमधल्या कन्व्हर्जनची पार्श्वभूमी

मिनिएचर्स, म्हणजे सैनिकांच्या छोट्या आकृत्या, टेबलावर मांडून लढाई खेळायची ते वॉरगेमिंग, आणि त्या आकृत्या कापून-जोडून बदलायच्या त्याला म्हणतात कन्व्हर्जन. स्पर्धेच्या टेबलावर कोणी वेगळंच मिनिएचर मांडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे चालतं का?" प्रश्न रास्त आहे, पण तो बराच अलीकडचा आहे. वॉरगेमिंगच्या इतिहासात बदली सैनिक आधी आले आणि 'अधिकृत' सैनिक खूप नंतर.

प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी क्रीगस्पील हा खेळ घडवला. वडिलांनी तो 1812 मध्ये राजाला दाखवला आणि मुलाने 1824 मध्ये त्याची सुधारित नियमावली छापली. त्यात सैनिक नव्हतेच, नकाशावर सरकणारे लाल-निळे ठोकळे होते. ठोकळा हीच तुकडी, हे दोन्ही बाजूंना मान्य असलं की काम भागायचं. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने 1893 पासून पोकळ ओतीव शिशाचे सैनिक काढले. ते स्वस्त आणि सुबक असल्याने घराघरात पोहोचले. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' लिहिलं, ते याच खेळण्यांच्या जोरावर. नियम लिहिणारा एक, सैनिक विकणारा दुसरा, आणि दोघांचा एकमेकांशी काही व्यवहार नाही. पुढची अनेक दशकं साधारण असंच चाललं.

खरी कापाकापी सुरू झाली ती प्लास्टिकमुळे. एअरफिक्सने 1959 मध्ये छोट्या सैनिकांचे संच काढायला सुरुवात केली आणि पहिला संच चक्क बँडपथकाचा होता. एका खोक्यात चाळीसेक सैनिक आणि तेही खाऊच्या पैशांत, त्यामुळे अख्खं सैन्य उभं करणं पहिल्यांदाच आवाक्यात आलं. अडचण एवढीच की हवं ते सैन्य खोक्यात नसायचं. बहुतेकांना वॉटर्लू खेळायचं होतं, आणि 1960चं दशक संपत येईपर्यंत एअरफिक्सकडे नेपोलियनच्या काळातलं पायदळ नव्हतं. अमेरिकन यादवी युद्धातलं मात्र होतं. मग त्या शिपायाच्या बसक्या टोपीवर कागदाची पट्टी गुंडाळून उंच शाको, म्हणजे नळकांड्यासारखी फौजी टोपी, चढवायची, कोटाची शेपटी रंगानेच दाखवायची, आणि झाला फ्रेंच शिपाई तयार.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. ते प्लास्टिक म्हणजे मऊ पॉलिथिन. त्याला गोंद धरत नाही, आणि संगीन जरा वाकली की रंगाचा पापुद्रा उडतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने सैनिक धुवायचे. मुंडकं बदलायचं तर ब्लेडने मान सरळ कापायची, तापवलेली टाचणी धडात खुपसायची आणि नवं डोकं तिच्यावर बसवायचं. मग पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन त्यावर रंग. मी ही पद्धत एकदाच करून पाहिली. माझा शिपाई आयुष्यभर स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिला. तेव्हाचे लोक अशा दोन-दोनशे माना कापत. वॉरगेमिंगवर पुस्तकं लिहिणाऱ्या डोनाल्ड फेदरस्टोनसारख्या लेखकांच्या वाचकांना त्यात विशेष काही वाटत नसे, तो छंदाचाच भाग होता.

कल्पनारम्य युद्धांच्या बाबतीत तर पर्यायच नव्हता. ड्रॅगन विकणार कोण? गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या नियमावलीत (1971) जादू आणि राक्षसांची पुरवणी होती, पण बाजारात त्यांची मिनिएचर्स जवळपास नव्हती. गायगॅक्सने प्लास्टिकच्या खेळण्यातल्या स्टेगोसॉरसचा ड्रॅगन केला. 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पिशवीतल्या विचित्र आकृत्याही त्याने टेबलावर आणल्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळातले (ज्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो) रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर हे राक्षस त्यातूनच जन्मले. म्हणजे बदली खेळणं आधी आलं आणि राक्षस नंतर!

गणित उलटलं ते ब्रिटनमध्ये. सिटाडेल ही मिनिएचर्स ओतणारी कंपनी. भूमिका-खेळ खेळणारा गडी फार तर पाच-सहा आकृत्या घेतो, पण युद्धखेळाला शंभर लागतात. हा हिशेब करून तिने 1983 मध्ये 'वॉरहॅमर' आणला. आता नियम आणि सैनिक एकाच दुकानातले झाले. तरी सुरुवातीला हात सैल होता. 1987 मध्ये त्याचा भविष्यकाळातला भाऊ 'वॉरहॅमर 40,000' आला तेव्हा रणगाडे विकायला नव्हतेच, म्हणून त्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून हवेत तरंगणारा रणगाडा करायची कृती छापली गेली. तो रणगाडा अगदी डिओडरंटच्या डबीसारखाच दिसायचा, हे प्रेमाने सांगतो. त्याच सुमारास सुट्या हातांचे प्लास्टिक स्पेस मरीन, म्हणजे त्या खेळातले चिलखती सैनिक, आले, एका खोक्यात तीस. जोडून उरलेले हात, डोकी, बंदुका डब्यात साठू लागल्या, आणि 'बिट्स'चा डबा हा प्रत्येक खेळाडूच्या घरातला ऐवज झाला. ऑर्क खेळणाऱ्यांची तर चंगळच. ही जमात चोरलेल्या भंगारातून वाहनं बनवते, त्यामुळे काहीही चिकटवलं तरी शोभतं.

स्पर्धा वाढल्या तशी शिस्त आली. 'विजिविग', म्हणजे मिनिएचरच्या हातात जे दिसतं तेच त्याचं शस्त्र. त्यासोबत शब्दांची वाटणी झाली. दुसऱ्याच आकृतीला तात्पुरतं नाव दिलं तर ती 'प्रॉक्सी', आणि नीट घडवून, रंगवून संपूर्ण सैन्य दुसऱ्या सैन्याच्या नियमांनी चालवलं तर 'काउंट्स ॲज'. पहिल्याकडे लोक नाक मुरडतात, दुसऱ्याचे फोटो काढतात. नियमाच्या दृष्टीने फरक फारसा नाही, फरक मेहनतीचा आहे, आणि मला तो योग्यच वाटतो.

मोठा घाव कोर्टात बसला. चॅप्टरहाउस स्टुडिओज ही छोटी कंपनी वॉरहॅमरच्या आकृत्यांना जोडायचे सुटे भाग विकायची. काही भाग अशा तुकड्यांचे होते, ज्यांचे नियम पुस्तकात होते पण मिनिएचर निघालंच नव्हतं. सिटाडेल आणि वॉरहॅमर ज्या कंपनीचे, त्या गेम्स वर्कशॉपने 2010 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तिच्यावर दावा लावला. 2013 मध्ये ज्युरीने काही मुद्दे एकाच्या, काही दुसऱ्याच्या पदरात टाकले, आणि भरपाई ठरली 25,000 डॉलर. त्यानंतरच्या पुस्तकांतून मिनिएचर नसलेल्या तुकड्या एकेक करून गळत गेल्या. खेळाडूंनी याचा संबंध थेट खटल्याशी जोडला, आणि तो न जोडणं अवघडच आहे. स्वतः घडवायची गंमत ज्या रिकाम्या जागांत होती, त्या जागाच बुजल्या.

आता रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर घरीच डोकी, हात, अख्खी सैन्यं निघतात. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या कार्यक्रमांत ती चालत नाहीत, स्वतंत्र स्पर्धांत आयोजकावर असतं. बरेच आयोजक कन्व्हर्जनचे फोटो आधीच मागवून घेतात. तिथली खरी भांडणं मात्र सौंदर्यावरून होत नाहीत. उंच राक्षस गुडघ्यावर बसवला, तर तो भिंतीआड लपतो आणि त्याच्यावर नेम धरता येत नाही. मग टेबलाशी मोजपट्टी येते, शेजारी मूळ मिनिएचर उभं केलं जातं, आणि बसलेल्या राक्षसाला उभा धरूनच नेम लावला जातो.