पेशीच्या तळव्याखालचा उजेड

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात आणि भिंतीला लागूनच काकांचा मागांचा कारखाना, त्यामुळं खटखट खटखट ऐकतच मोठं झालो. रात्री जेवताना काका मध्येच घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, एक माग बसला बघ, म्हणजे बंद पडला. आत न जाता, नुसता ठेका बदलला त्यावरनं. कुठला बसला ते मात्र त्यांनाही आत गेल्याशिवाय कळायचं नाही.

जिवंत पेशीच्या बाबतीत शास्त्रज्ञांचं अगदी असंच होतं. पेशी जवळजवळ पारदर्शक, साध्या मायक्रोस्कोपखाली धरली तर पाण्यातला बुडबुडा बघितल्यासारखं वाटतं, आत एवढी धावपळ चाललेली पण दिसत काही नाही. म्हणून आत चमकणारी खूण सोडायची हा जुना आणि अजूनही जोरात चालणारा उपाय. त्यातली सगळ्यात गाजलेली खूण जेलीफिशकडनं आली, ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये तिच्यातलं हिरवं चमकणारं प्रोटीन वेगळं काढलं आणि पुढं 2008 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळून मिळालं. भारी काम आहे, वाद नाही. पण धोट्याला घुंगरू बांधलं तर तो कुठं जातोय ते कळेल खरं, फक्त आता तो घुंगरू बांधलेला धोटा झाला ना, पूर्वीसारखाच पळेल याची खात्री कोण देणार? शिवाय ती खूण चमकवायला सारखा झगझगीत उजेड मारावा लागतो, त्यानं खूण हळूहळू फिकी पडते आणि पेशीला त्रास होतो तो वेगळाच.

मग खूणबीण काहीच न लावता बघायचं तर? इथं ऑप्टिकल बायोसेन्सर येतो, म्हणजे नुसत्या उजेडावर पेशीतली हालचाल टिपणारं साधन. याचे प्रकार बरेच आहेत, मी मला आवडणारा एकच सांगतो.

एक प्लेट घ्यायची, तिच्यात छोट्या छोट्या वाट्या, साधारण 384. प्रत्येक वाटीच्या काचेच्या तळाला बारीक रेघा, दोन रेघांतलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरात दोनेक हजार रेघा, आमच्या मागाची फणी याच्यापुढं म्हणजे लोखंडी गेटच. या रेघांवर एका खास ऑक्साईडचा पातळ थर. खालून उजेड सोडला की त्यातला एकच ठराविक रंग त्या थरात अडकून थोडा पळतो आणि परत खाली येतो. रेघांवरनं परत येणाऱ्या उजेडात असं काहीतरी विचित्र घडतं हे रॉबर्ट वूड यांना 1902 मध्येच दिसलं होतं, पण का ते त्यांना नीट सांगता आलं नव्हतं.

आता गंमत अशी की थरात पळणारा हा उजेड किंचित वर, पेशीच्या बाजूला पण झिरपतो, पण फक्त दीडशे-दोनशे नॅनोमीटर. उंबरा ओलांडतो, आत घरात काही जात नाही. माणसाचा केस याच्या चारपाचशे पट जाड. पेशी तळाला चिकटून पसरलेली असते, म्हणजे उजेडाला दिसतो तो तिचा नुसता तळवा. त्या तळव्यापाशी पेशीतला माल, म्हणजे प्रोटीनबिटीन, वाढला की परत येणारा रंग लाल बाजूला सरकतो आणि कमी झाला की उलटा. सरकतो म्हणजे किती, तर त्याच्या लहरीची लांबी काहीशे पिकोमीटरनं बदलते (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग), आणि हायड्रोजनचा एक अणूच शंभरेक पिकोमीटर रुंद असतो, आता बोला.

औषधाचा थेंब वाटीत टाकला की पेशी आतलं प्रोटीन इकडचं तिकडं हलवते, सांगाडा आवळते किंवा पाय पसरते, आणि रंग किती सरकला ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ वरखाली व्हायला लागते, काही वेळा मिनिटाभराच्या आत. बाजारातली साधारण एक तृतीयांश औषधं जीपीसीआर नावाच्या, पेशीच्या पातळ आवरणातल्या रिसेप्टर्सवर, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणाऱ्या प्रोटीनांवर काम करतात, त्यामुळं औषध कंपन्यांना याचं एवढं कौतुक. विषानं पेशी मरायला लागली तर ती गोळा होऊन तळ सोडते आणि रेघ घसरत जाते.

पण नखरे पण तेवढेच. तापमान जरा हललं तरी रंग सरकतो आणि पेशीनं काही न करताच रेघ नाचते. आमच्या मे महिन्यात, लाईट गेलेल्या दुपारी, हे मशीन काय काय दाखवेल त्याची कल्पनाच केलेली बरी!

आणि खरी अडचण काकांचीच. रेघ सांगते काहीतरी बदललं आणि कधी बदललं, कुठला माग ते नाही, कारण तिच्यात सगळ्या कारखान्याचा आवाज एकत्र. मग काय करतात, तर पेशीतला एकेक रस्ता बंद करून तेच औषध परत टाकतात. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष माहितेय? ते पेशीतला जीआय नावाचा एक निरोप्या गप्प करतं, म्हणून लॅबमध्ये ते हत्यार म्हणून वापरतात. ते आधी दिलं आणि मग औषध टाकल्यावर रेघ सपाटच राहिली, तर आधीची हालचाल त्याच निरोप्याकरवी होत होती. रेघ तशीच हलली, तर पुढचा रस्ता बंद करून बघायचा. काका पण नुसता आवाज बिघडलेला असला की बॅटरी घेऊन आत जायचे आणि एकेक माग बंद करत कान लावून उभे राहायचे, आणि ताटातली भाकरी तोवर गार.