शाळेत सुटलेलं निदान

'लहानपणापासून याचं बूड एका जागी टेकलं नाही.' इंदूरच्या मराठी घरांत एखाद्या मुलाबद्दल हे वाक्य सहज बोललं जातं. तोच मुलगा पस्तिशीत दारूसाठी व्यसनमुक्ती केंद्रात गेला, तर काय घेता, किती, कधीपासून हे विचारलं जातं. शाळेचा विषय सहसा निघत नाही, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावीळपणा असा लहानपणापासूनचा आजार, निदानावाचून राहू शकतो. याचं मूळ बरंच जुनं आहे.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना दिसलं की, बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिल्यावर काही मुलं उलट शांत होतात आणि अभ्यासाला लागतात. पण 1968 च्या अमेरिकन आजारसूचीत, डीएसएममध्ये, ही चंचलता पौगंडावस्थेत बहुधा ओसरते असं छापून आलं. माझ्या मते खरं नुकसान त्या एका ओळीनं केलं. आजार मुलांच्या डॉक्टरांकडे राहिला आणि व्यसन मोठ्यांच्या. मानसोपचारतज्ज्ञ पॉल वेंडर यांनी 1970 च्या दशकात प्रौढांमध्येही तो दाखवला. तरी वय बारापूर्वी काही लक्षणं दिसलेली असावीत आणि प्रौढांना सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी, हा डीएसएमचा निकष यायला 2013 उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी नेदरलँड्सच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा व्यसनांच्या रुग्णांत एडीएचडीचं प्रमाण सुमारे 23 टक्के निघालं.

दुसरी अडचण औषधाची. 1985 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी मांडलं की माणूस आपल्या त्रासावर नकळत नशेचाच उतारा शोधतो. (मला हे अर्धंच पटतं, विचार करण्याआधी हात पुढे जाणं, हेही या आजारातच बसतं.) त्याच वर्षी भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. माळव्यात या कायद्याची ओळख अफूमुळे आहे: मंदसोर-नीमच भागात परवान्यानं होणारी शेती त्याच्याच कक्षेत येते. एडीएचडीचं प्रमुख औषध मिथाइलफेनिडेट हे उत्तेजकही त्याच कायद्याच्या यादीत आहे. साहजिकच, नशा सोडायला आलेल्याच्या हातात ते देताना डॉक्टरही बिचकतात आणि घरचेही.

स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या, ॲम्फेटामिन या उत्तेजकाचं व्यसन आणि एडीएचडी असलेल्या पुरुषांना मात्र हेच औषध दिवसाला 180 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच जास्त दिलं गेलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत लक्षणं घटली आणि नशाही कमी झाली. नेहमीच्या मात्रेच्या आधीच्या चाचण्यांत नशेवर असा ठळक परिणाम दिसला नव्हता. उत्तेजक नसलेलं ॲटोमॉक्सेटिन हाही पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

निदानात गोंधळ वेगळाच. नशा सुटतानाही माणूस अस्वस्थ होतो, लक्ष लागत नाही. दोन्ही वेगळं करायचं तर बालपणाचा पुरावा लागतो: जुनं प्रगतिपुस्तक, नाहीतर आई किंवा आत्याची आठवण.