सेमी-ऑटो रायफलसाठी घरी काडतुसं भरताना

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी गिऱ्हाइकांसाठी)

बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराआधी बोल्ट हाताने लावायच्या, रायफलमध्ये काडतूस जरा मोठं राहिलं, तर बोल्ट लावताना हाताला जड लागतं. आपण थांबतो, ते बाहेर काढतो. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट स्प्रिंग लावते, आणि स्प्रिंगला जड-हलकं काही कळत नाही. त्यामुळे जे हाताला रेंजवर कळलं असतं, ते घरी टेबलावरच मोजून घ्यावं लागतं. प्रेस किंवा डाय (केसला माप देणारा साचा) विकताना आम्ही हेच सांगतो, पण शनिवारच्या गर्दीत अर्धं राहून जातं, म्हणून हे पत्रक.

यात पावडरचं वजन मुद्दामच दिलेलं नाही. ते पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्या आणि तिथल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात करा. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आकडा, मित्र कितीही जुना असला तरी, चालणार नाही.

सगळ्यात जास्त चुका पितळात, म्हणजे रिकाम्या केसमध्ये होतात. सेमी-ऑटोसाठी केस दरवेळी फुल-लेंग्थ डायमधूनच काढायची. नुसती मान, म्हणजे बुलेट धरणारा पुढचा अरुंद भाग, आवळून भागत नाही. तुमच्या रायफलमध्ये उडालेल्या केसपेक्षा खांदा (मानेखालचा उतार) ३ ते ५ थाऊ मागे गेला पाहिजे. (पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको, इतरांसाठी, इंचाचा हजारावा भाग.) यापेक्षा कमी गेला तर बोल्ट पुरता बंद होईलच असं नाही. फार मागे गेला तर पितळ दर बाराला ताणलं जातं आणि बुडाशी पातळ होतं. बुडाच्या थोडं वर चकाकणारी रेघ दिसली, किंवा पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवल्यावर खाच लागली, तर ती केस भंगारात. चारपाच बारांनंतर प्रत्येक केस अशी तपासाच. रेंजवर वेचलेलं पितळ किती वेळा उडालंय हे कोणालाच माहीत नसतं, त्याला आणखी संशयाने बघा.

पितळ पुढेही सरकतं, म्हणून लांबी मोजायची. .२२३ साठी कमाल १.७६० इंच, .३०८ साठी २.०१५. लांब राहिलेली मान चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) दाबली जाऊन बुलेटला घट्ट धरते आणि दाब एकदम चढतो. लष्करी पितळ असेल तर प्रायमर-पॉकेटचा, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी बसते त्या खळग्याचा, क्रिम्प (कडेचं दाबलेलं पितळ) आधी काढा. ७.६२ च्या (.३०८ च्याच मापाच्या) लष्करी केसच्या भिंती बऱ्याचदा जाड असतात. आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त.

आता प्रायमर. एआर-१५ किंवा एम-१ गॅरंडमधलं भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढून बघा, प्रायमरवर बारीक खळगा दिसेल. या रायफलींच्या फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नसते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच टोचते. प्रायमर वर राहिला असेल तर ट्रिगरला हात न लावताच बार निघू शकतो, तोही कधीकधी बोल्ट पुरता लॉक होण्याआधी. म्हणून प्रायमर केसच्या बुडापेक्षा ३ ते ५ थाऊ आत बसवा आणि प्रत्येकावरून बोट फिरवा. प्रत्येकावरून, दहातल्या एकावरून नव्हे. लष्करी धाटणीचे, कमी संवेदनशील प्रायमर मिळतात: सीसीआय कंपनीचे छोटे ४१ नंबरचे, मोठे ३४ नंबरचे. गॅरंडच्या चेंबरमध्ये सुटं काडतूस टाकून बोल्ट सोडू नका, क्लिपमधूनच भरा.

गॅरंडवाल्यांसाठी आणखी एक. ही रायफल अमेरिकी लष्कराने १९३६ मध्ये घेतली, आणि तिचा गॅस-पोर्ट, म्हणजे बोल्ट चालवायला गॅस घेणारं भोक, नळीच्या तोंडाजवळ आहे. फार सावकाश जळणारी पावडर किंवा जड बुलेट वापरली तर तिथे दाब जास्त पोचतो आणि ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ढकलणारा दांडा) वाकू शकतो. काही मॅन्युअलमध्ये गॅरंडसाठी वेगळी पानं असतात, तीच बघा. .३०-०६ चा साधा तक्ता इथे चालत नाही.

मॅगझिनमधून वर येताना बुलेटचं टोक आपटतं, आणि मानेची पकड सैल असेल तर बुलेट आत सरकते. तयार काडतुसाची लांबी मोजा, टोक लाकडी टेबलावर अंगठ्याने दाबा, पुन्हा मोजा. फरक पडला तर ते काडतूस सुटं करा. बुलेटला खाच असेल तरच हलका क्रिम्प द्या, म्हणजे केसचं तोंड त्या खाचेत दाबा. शेवटी प्रत्येक काडतूस केस-गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या ठोकळ्यात) टाकून बघा. हाताची जागा आता त्या गेजने घेतली आहे.

टेबलावर एका वेळी एकच पावडर ठेवायची. उरलेली लगेच तिच्याच डब्यात. बुलेट बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून बघा. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ दोन्ही भरत असाल तर डबे, लेबलं, शक्यतो मॅगझिनही वेगळी ठेवा: .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि मग रायफल फुटते. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर बोल्ट ओढून पुढचा बार काढू नका, बुलेट नळीतच अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

घरात पावडर मूळ डब्यातच ठेवा. राष्ट्रीय अग्निसुरक्षा मानकांची मर्यादा २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी आहे, तुमच्या शहराचा नियम आणखी कडक असू शकतो.

स्वतःसाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायला लागतो. मात्र एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड नसेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा. आम्हाला गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना घेऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूससुद्धा मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरेसं असतं.