भावनिक समायोजनाची चाचणी: पालकांनी येण्यापूर्वी वाचावे

चाचणी म्हटली की काही पालक आदल्या रात्री मुलाला बसवून ‘असं विचारलं तर असं सांग’ असे पढवून आणतात. कृपया तसे करू नका. इथे पाठ करण्यासारखे काही नाही.

राग, भीती, निराशा वाट्याला आली की मूल त्यातून कसे सावरते आणि घरी, वर्गात, मित्रांत किती मोकळे वावरते, ते आम्ही पाहतो. त्यासाठी बहुधा ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची एसडीक्यू (मुलाची बलस्थाने आणि अडचणी विचारणारी) ही प्रश्नावली वापरतो. तिच्यात २५ विधाने आहेत. गेल्या सहा महिन्यांतले वागणे आठवून प्रत्येकापुढे ‘खरे नाही’, ‘काहीसे खरे’ किंवा ‘अगदी खरे’ अशी खूण करायची. पालक आणि शिक्षक वेगवेगळे फॉर्म भरतात. ११ वर्षांपासून पुढची मुले स्वतःचाही भरतात.

भावनिक भागात पाचच विधाने आहेत: काळज्या, रडवेलेपणा, नव्या ठिकाणी बावरणे, भित्रेपणा आणि डोके-पोट दुखण्याच्या तक्रारी. या शेवटच्यापाशी पालक हमखास अडतात. पोटदुखीचा इथे काय संबंध? लहान मुलाला ‘मला धास्ती वाटते’ असे सांगता येतेच असे नाही. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, एवढेच आपल्याला दिसते. (आधी डॉक्टरांना मात्र दाखवून घ्या.)

प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे या भागात जास्तीत जास्त १०. शाळेच्या सवयीने ‘आठ मिळाले’ म्हणून खूश होऊ नका. इथे गुण जास्त म्हणजे त्रास जास्त.

आईचा आणि बाईंचा फॉर्म जुळला नाही, तर कोणी खोटे लिहिले असे समजू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले. पालक-शिक्षक अशा वेगळ्या नात्यांतल्या मोठ्यांच्या उत्तरांतला सहसंबंध सरासरी ०.२८च निघाला, पूर्ण जुळणी असती तर तो १ आला असता. आम्हाला तर ही तफावतच जास्त उपयोगी पडते. मूल घरी हसतखेळत आणि वर्गात गप्प असेल, तर चौकशी कुठून सुरू करायची ते कळते.

आई-वडिलांनी एकमेकांचा फॉर्म न बघता आपापला भरावा. घरात आजारपण, मृत्यू किंवा शाळाबदल झाला असल्यास वरच्या कोपऱ्यात लिहा. नुसत्या गुणांवरून आम्ही निदान करत नाही; मुलाशी स्वतंत्र बोलतो आणि गरज वाटल्यास बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर आमच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा.